जमीन हलली की केबल?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत जमीन हादरली. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने हा धक्का ४.५ तीव्रतेचा नोंदवला, केंद्रबिंदू हिंगोली जिल्ह्यात. अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का आला. त्याच वर्षी १० जुलैच्या सकाळी पुन्हा ४.५. अशा वेळी मराठवाड्यात घराबाहेर धावलेल्या माणसाच्या मनात एकच नाव येतं, किल्लारी. मोबाइलवर आकडा आला की त्याचा जीव थोडा भांड्यात पडतो. आकडा आला म्हणजे कुणीतरी मोजतं आहे, कुणाचं तरी लक्ष आहे.

तो आकडा मोबाइलपर्यंत येतो त्यामागची साखळी तशी साधी असते. सेन्सर जमिनीच्या हालचालीचं व्होल्टेज करतो. केबल ते व्होल्टेज एका पेटीपर्यंत नेते. पेटीतला कन्व्हर्टर दर सेकंदाला शंभर किंवा त्याहून जास्त वेळा ते मोजून आकडे लिहितो. पुढे सगळं गणित. या पेटीला आणि तिच्या तारांच्या पसाऱ्याला मिळून डेटा ॲक्विझिशन सिस्टिम म्हणतात. कारखान्यात आणि कॉलेजात तिचं सुटसुटीत नाव 'डॅक'. भूकंपमापन केंद्रात ती असते, तशीच साखर कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये, हवामान केंद्रात आणि दवाखान्यातल्या ईसीजीच्या यंत्रातही असते.

या साखळीला जडणारं एक दुखणं मोठं फसवं आहे. एका चॅनलचा सिग्नल शेजारच्या चॅनलमध्ये झिरपतो. लँडलाइनच्या काळात आपण फोन उचलावा आणि तिसऱ्याच दोघांचं बोलणं कानावर पडावं, तसाच हा प्रकार. याला क्रॉसटॉक म्हणतात. फोनवर निदान कळायचं की आवाज परका आहे. डॅकमध्ये मात्र झिरपलेला सिग्नलही आकड्यांच्याच रूपात येतो, त्याचा आलेख खऱ्या मोजमापासारखाच दिसतो, आणि तो पाहणाऱ्याला काडीचाही संशय येत नाही.

मराठवाड्याने हा विषय जिव्हाळ्याने समजून घ्यावा, याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातल्या किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो माणसं झोपेतच गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पुढे नव्या जागी वसवावी लागली. त्याआधी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारीच्या लोकांनी लहान धक्के अनुभवले होते. ते नेमके कुठे आणि किती खोल होत आहेत हे सांगेल असं यंत्रांचं जाळं तेव्हा जवळपास नव्हतं. दख्खनचा हा कातळ स्थिर आहे, अशीच समजूत होती. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक पाडलं. ३३८ मीटरपर्यंत काळा बेसॉल्ट, मग ८ मीटरचा गाळाचा थर, आणि त्याखाली जुना ग्रॅनाइटी पायाचा खडक लागला. जमिनीखाली काय आहे हे आपण भूकंपानंतर पाहिलं.

नांदेडची गोष्ट वेगळी. २००६ च्या अखेरीपासून शहराच्या काही भागांत जमिनीखालून गूढ आवाज येऊ लागले, हलके धक्के जाणवू लागले. या वेळी मात्र यंत्रं आली, नोंदी झाल्या, धक्के लहान आणि उथळ आहेत हे कळलं. पण शहरात मोजणं म्हणजे बोअरचे पंप, जनरेटर, ट्रक आणि रेल्वे यांच्या गोंगाटात बारीक कुजबुज ऐकणं. सिग्नल जितका लहान, तितकं तो खरोखर जमिनीतून आला की तारेतून, हे आधी तपासावं लागतं. हे तपासण्याची पद्धत कशी असते, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. पद्धत कळायला साखर कारखाना सर्वांत सोयीचा, म्हणून आधी तिथे जाऊ.

लातूर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात पाहिलेली गोष्ट. ज्यूस हीटरमधून निघणारा रस शंभर अंशांच्या थोडा वर हवा असतो. रस उकळीच्या खाली राहिला तर त्यात अडकलेली हवा नीट निघत नाही आणि क्लॅरिफायरमध्ये गाळ बसायला वेळ लागतो. संगणकावर तापमान व्यवस्थित दिसत होतं, तरी रस गढूळ येत होता. केमिस्ट म्हणायचे चुना तपासा, इन्स्ट्रुमेंटवाले म्हणायचे तापमान मोजणारं थर्मोकपल नवं आहे. डॅकच्या कार्डावर चॅनल दोनला एक्झॉस्ट वाफेच्या दाबाचा ट्रान्समीटर होता आणि चॅनल तीनला रसाचं थर्मोकपल. वाफेचा दाब वाढला की रसाचं तापमान वाढलेलं दिसे. यात कुणाला वावगं वाटलं नाही, कारण वाफ वाढली की रस तापतोच.

खटकलं ते एकाच जागी. दाब ज्या क्षणी वाढला त्याच क्षणी, अगदी त्याच ओळीत, तापमानही वाढलेलं होतं. हीटरच्या नळ्या तापायला, रसाला उष्णता पोचायला आणि थर्मोकपलच्या जाड पॉकेटला ती कळायला काही सेकंद तरी लागायलाच हवेत. उष्णतेला वेळ लागतो, तारेला लागत नाही. दोन मोजमापं निसर्गतः एकमेकांशी जोडलेली असतील तर आधी हे पाहायचं: त्यांच्यामध्ये जो विलंब असायला हवा तो आहे का? नसेल, आणि दोन्हींचं प्रमाणही दर वेळी तेच येत असेल, तर संशय तारेवर घ्यायचा.

आता कार्डाच्या आत काय चालतं ते पाहू. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक कार्डांत सोळा चॅनल असले तरी कन्व्हर्टर एकच असतो. मल्टिप्लेक्सर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच पाळीपाळीने एकेक चॅनल त्याला जोडतो. कन्व्हर्टरच्या तोंडाशी एक छोटा कपॅसिटर असतो, कार्डाच्या आतल्या तारा आणि स्विच धरून तो समजा १०० पिकोफॅरड. चॅनल दोन जोडलेला असताना हा कपॅसिटर ५ व्होल्टपर्यंत भरतो. मग चॅनल तीनची पाळी येते. थर्मोकपलचे काही मिलिव्होल्ट मोजायचे तर आधी हे ५ व्होल्ट रिकामे व्हायला हवेत, आणि ते रिकामे होतात चॅनल तीनच्याच तारेतून. त्या वाटेत रेझिस्टन्स जास्त असेल तर वेळ पुरत नाही. जुनं व्होल्टेज थोडं उरतं आणि नव्या मोजमापात मिसळतं.

थर्मोकपलचा स्वतःचा रेझिस्टन्स किरकोळ असतो. मग इथे अडचण कुठून आली? वळवाच्या पावसात विजांनी कार्ड जळू नये म्हणून कुणीतरी प्रत्येक थर्मोकपलच्या वाटेत १०० किलो-ओहमचा रेझिस्टर घातला होता. हेतू चांगला होता. पण १०० किलो-ओहम आणि १०० पिकोफॅरड यांचा गुणाकार १० मायक्रोसेकंद होतो, आणि दर १० मायक्रोसेकंदांना उरलेलं व्होल्टेज सुमारे ३७ टक्क्यांवर येतं. कार्ड सेकंदाला दहा हजार वाचनं घेत होतं, म्हणजे प्रत्येक चॅनलच्या वाट्याला १०० मायक्रोसेकंद. तेवढ्यात ५ व्होल्टमधले सुमारे ०.२३ मिलिव्होल्ट उरतात. ऐकायला हे नगण्य वाटतं. के टाइप थर्मोकपल एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतं, त्यामुळे हे नगण्य व्होल्टेज साडेपाच अंशांचं होतं. दाबाचा सिग्नल १ व्होल्टवर असताना एका अंशाची खोटी भर, ५ व्होल्टवर साडेपाच अंशांची. पडद्यावर १०२ दिसत होतं, तेव्हा रस ९७ च्या आसपास होता.

निदान कसं झालं ते सावकाश सांगतो, कारण सगळी विद्या तिथेच आहे. थर्मोकपलच्या तारा सोडवल्या आणि कार्डाच्या टर्मिनलवर चॅनल तीनच्या दोन्ही स्क्रूंमध्ये तांब्याच्या तारेचा बोटभर तुकडा घट्ट बसवला. इनपुट शॉर्ट केलं की व्होल्टेज शून्य, आणि पडद्यावर फक्त टर्मिनलच्या जागेचं, म्हणजे खोलीचं तापमान दिसायला हवं. तसंच दिसलं, आणि दाब वरखाली होऊनही ते हललं नाही. कार्ड निर्दोष. मग तोच तुकडा रेझिस्टरच्या पलीकडच्या बाजूला, शेताकडच्या टोकाला लावला. (फील्डच्या बाजूला आमच्याकडचे मेकॅनिक शेताकडची बाजूच म्हणतात.) दाबासरशी तापमान पुन्हा डोलायला लागलं. थर्मोकपल तर जोडलेलंच नव्हतं, तरी 'रसाचं तापमान' बदलत होतं. दोष त्या दोन जागांच्या मध्ये होता, आणि मध्ये होता फक्त रेझिस्टर.

खात्रीसाठी आणखी दोन गोष्टी केल्या. सॉफ्टवेअरमध्ये चॅनल वाचण्याचा क्रम बदलून तीनच्या आधी दोनऐवजी एक रिकामा, ग्राउंड केलेला चॅनल ठेवला. डोलणं थांबलं. क्रम पूर्ववत करून वाचनाचा वेग निम्मा केला, तेव्हाही थांबलं. निम्म्या वेगात दुप्पट वेळ मिळतो, पण उरलेलं व्होल्टेज निम्मं होत नाही; ते हजारो पटींनी कमी होतं, कारण घसरण घातांकी आहे. मल्टिप्लेक्सरच्या भुताची ही ओळख पक्की समजावी: वेग किंचित कमी केला की ते एकदम नाहीसं होतं, आणि ते तारेच्या शेजाऱ्याचं नसून क्रमातल्या आधीच्या चॅनलचं असतं. शेवटी रेझिस्टर १ किलो-ओहमचे केले आणि विजेसाठी वेगळं सर्ज प्रोटेक्शन बसवलं.

प्रत्येक क्रॉसटॉक मात्र मल्टिप्लेक्सरमधून येत नाही. क्रम बदलून आणि वेग कमी करूनही तो जागचा हलला नाही, तर बाहेर पाहायचं.

पहिला संशयित सामायिक परतीची तार. चार ट्रान्समीटरांना चार तारा जाण्याच्या आणि येण्याची एकच, असं काटकसरीचं वायरिंग सर्रास दिसतं. त्या एका तारेचा रेझिस्टन्स समजा अर्धा ओहम. एका ट्रान्समीटरचा प्रवाह ४ पासून २० मिलिअँपिअरपर्यंत गेला की त्या तारेवर ८ मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि तीच तार शून्य मानून मोजणाऱ्या प्रत्येक चॅनलमध्ये तो उतरतो. थर्मोकपलच्या भाषेत हे जवळपास दोनशे अंश. उपाय सरळ आहे: प्रत्येक सिग्नलला स्वतःची परतीची तार आणि दोन तारांमधला फरक मोजणारं डिफरन्शियल इनपुट.

दुसरा संशयित शेजारून धावणारी तार. दोन लांब तारा एकमेकींना चिकटून गेल्या की त्या मिळून नकळत एक कपॅसिटर होतात, मीटरला काही दशक पिकोफॅरडचा. एकीतलं व्होल्टेज झटक्यात बदललं की दुसरीत प्रवाह ढकलला जातो. मोटर चालवणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हच्या केबलमध्ये व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा असे झटके घेतं, म्हणून तिला सिग्नलच्या ट्रेमध्ये जागा देऊ नये. केबलमधला मोठा, बदलता प्रवाह चुंबकीय क्षेत्रातूनही दुसऱ्या तारेच्या वेटोळ्यात व्होल्टेज उठवतो. तिथे तारांची जोडी पीळ घालून वापरणं हाच रामबाण उपाय.

या दोघांत फरक करायला एक साधी बॅटरी पुरते. संशयित शेजाऱ्याच्या जागी बॅटरीचं स्थिर व्होल्टेज द्या. कपॅसिटरमधून किंवा चुंबकीय क्षेत्रातून येणारी गळती स्थिर व्होल्टेजला शून्य होते. सामायिक तारेची किंवा ओलाव्याची गळती तशीच राहते. मग सिग्नल जनरेटर लावून वारंवारता दुप्पट करा. गळती दुप्पट झाली तर ती कपॅसिटरमधून किंवा चुंबकीय क्षेत्रातून आहे, जैसे थे राहिली तर रेझिस्टन्समधून. इतकं सोपं निदान असूनही लोक आधी नवं कार्ड मागवतात, याचं मला फार वाईट वाटतं. कार्ड येतं, महिना जातो, पैसे जातात आणि दुखणं केबल ट्रेमध्ये तसंच राहतं.

अर्थिंगबद्दल इथे थांबून बोलायला हवं, कारण आपल्या भागात कुठल्याही सिग्नलच्या दोषावर पहिला उपाय अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याचा असतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि तिचा रेझिस्टन्स वाढतो, हे खरं आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. अशा वर्षी अर्थिंगचे खड्डे कोरडे राहिले असतील तर त्यात नवल नाही. माणसाच्या सुरक्षेसाठी आणि विजेपासून बचावासाठी चांगलं अर्थिंग अत्यावश्यक आहे, त्यात तडजोड नको. पण एकाच पेटीतल्या दोन चॅनलांमधल्या क्रॉसटॉकशी त्याचा संबंध जवळपास नसतो. सिग्नलचा प्रवाह तारेने जातो आणि तारेनेच परत येतो, मातीतून नाही. मातीचा प्रश्न येतो तो सेन्सर एका जागी अर्थ केलेला आणि पेटी दुसऱ्या जागी अर्थ केलेली असली तर. मग दोन जागांच्या जमिनीतला व्होल्टेजचा फरक सिग्नलवर बसतो, आणि तो बहुधा ५० हर्ट्झचा गुणगुणाट असतो. सगळ्या चॅनलांवर एकसारखा गुणगुणाट म्हणजे क्रॉसटॉक नव्हे. त्याला वेगळं औषध लागतं: शील्ड एकाच टोकाला जोडा आणि अर्थ एकाच जागी करा.

आता पुन्हा भूकंपाकडे. भूकंपमापकात बहुधा तीन घटक असतात: उभा, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. चांगल्या पेटीत प्रत्येक घटकाला स्वतंत्र २४ बिटचा कन्व्हर्टर असतो, मल्टिप्लेक्सर नसतोच. कारखान्यात पाहिलेलं भूत तिथे येऊ शकत नाही. अशा पेट्यांचा क्रॉसटॉक उणे १०० डेसिबल किंवा त्याहून कमी असतो, म्हणजे शेजाऱ्याचा एक लाखावा हिस्सा. इतका कमी की विसरून जावा. पण हा आकडा पेटीचा आहे. पेटीबाहेरच्या केबलची आणि कनेक्टरची हमी पेटी बनवणारा देत नाही.

एक हर्ट्झच्या जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबकाभोवती कॉइल असते आणि काही नमुन्यांत तिचा रेझिस्टन्स साडेपाच हजार ओहमच्या घरात असतो. असा सेन्सर खड्ड्यात बसवलेला आहे, पावसाळा आहे, कनेक्टरचं रबर चिरलं आहे. पिनांच्या मध्ये ओलावा आणि मातीचा पातळ थर बसून १०० किलो-ओहमची गळती झाली. मल्टिमीटरवर एवढा रेझिस्टन्स पाहून कुणी घाबरणार नाही. पण साडेपाच हजार ओहमच्या कॉइलसाठी ही वाट शेजारच्या घटकाचा सुमारे ५ टक्के सिग्नल आत घ्यायला पुरेशी आहे.

पाच टक्क्यांनी काय होतं? एकाच केंद्रावरून धक्क्याची दिशा काढताना पहिल्या लाटेतली उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हालचाल यांचं गुणोत्तर पाहतात. नांदेडसारख्या जागी, जिथे उगम शहराखालीच आहे, पहिली लाट जवळपास सरळ खालून येते. त्यामुळे उभी हालचाल मोठी आणि आडव्या दोन्ही लहान असतात. समजा उभी १००, उत्तर-दक्षिण १०, पूर्व-पश्चिम शून्य. धक्का नेमका उत्तरेला आहे. आता उभ्या घटकातले पाच टक्के पूर्व-पश्चिममध्ये झिरपले, तर तिथे शून्याऐवजी ५ दिसतील. दिशा सुमारे २७ अंशांनी वळेल. धक्क्याचं केंद्र दोन किलोमीटरवर असेल तर नकाशावरचा ठिपका जवळपास एक किलोमीटर सरकेल. शहरात एक किलोमीटर म्हणजे वेगळं नगर, वेगळी माणसं आणि घबराट वेगळ्याच गल्लीत. अनेक केंद्रांच्या वेळा एकत्र करून जागा काढली की ही चूक बरीच धुऊन निघते, म्हणूनच केंद्रांचं जाळं लागतं. पण जिथे केंद्र एकटं असतं तिथे सगळा भरवसा त्या कनेक्टरवर असतो.

कारखान्यातली विलंबाची खूण इथे चालत नाही, कारण खरी लाटही तिन्ही घटकांना एकाच क्षणी हलवते. इथे आकाराकडे पाहावं लागतं. खडकातून आलेली लाट उभ्या आणि आडव्या दिशेला वेगवेगळी वळणं घेते, आणि मागून येणारी दुसरी, आडवं हलवणारी लाट तर आडव्या घटकांवरच जास्त उमटते. झिरपलेला सिग्नल मात्र उभ्या घटकाची हुबेहूब नक्कल असतो: तेच वळण, तेच प्रमाण, धक्का कुठलाही असो. अनेक धक्क्यांच्या नोंदींत हे प्रमाण तसंच्या तसं आलं तर आधी कनेक्टर उघडा.

पक्की चाचणी इथेही कारखान्यातलीच. आडव्या सेन्सरच्या जागी त्याच्या कॉइलइतक्याच ओहमचा साधा रेझिस्टर लावायचा. रेझिस्टरला जमीन कळत नाही. मग उभ्या सेन्सरजवळ पाय आपटायचा किंवा त्याच्या कॅलिब्रेशन कॉइलला विजेचा छोटा ठोका द्यायचा. रेझिस्टर लावलेल्या चॅनलवर काही उमटलं तर ते जमिनीतून आलेलं असूच शकत नाही. त्यानंतर केबल दोन्ही टोकांना सोडवून पिनांमधला इन्सुलेशन रेझिस्टन्स मेगरने मोजायचा. दोन्ही टोकं सोडवल्याशिवाय मेगर लावू नये, त्याच्या शेकडो व्होल्टांनी पेटी आणि सेन्सर दोन्ही जातील.

याहून कितीतरी बारीक मोजमापाची तयारी जवळच चालू आहे. नांदेडहून गाडीने तासा-दीड तासावर औंढा नागनाथ आहे. तिथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या टोकांच्या आरशांची हालचाल प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी मोजायची. क्रॉसटॉकची चिंता इथे कळसाला पोचते. अमेरिकेतल्या लायगोच्या वेधशाळांमध्ये मुख्य सिग्नलसोबत सुमारे दोन लाख सहायक चॅनल नोंदवले जातात: जमिनीचं कंपन, चुंबकीय क्षेत्र, आवाज, वीजपुरवठा. मुख्य चॅनलवर काही उमटलं आणि त्याच क्षणी एखाद्या सहायक चॅनलवरही उमटलं, तर तो गोंगाट म्हणून बाद करता येतो. हॅनफर्डच्या वेधशाळेत असाच माग काढताना द्रव नायट्रोजनच्या नळीवरच्या बर्फाला चोच मारणारे डोमकावळे सापडले होते.

यात एक खोच आहे. समजा गुरुत्वीय लहरीचा खरा सिग्नलच तारांमधून एखाद्या सहायक चॅनलमध्ये झिरपला. मग 'सहायक चॅनलवरही दिसतं' म्हणून आपण खराच सिग्नल फेकून देऊ. म्हणून तिथले शास्त्रज्ञ आरसे मुद्दाम, ठरलेल्या पद्धतीने हलवतात आणि दोन लाखांपैकी कोणत्या चॅनलांना ते ऐकू गेलं हे तपासतात. ज्यांना ऐकू गेलं ते साक्षीला असुरक्षित ठरतात आणि गोंगाट ठरवताना त्यांची साक्ष धरत नाहीत. याउलट इमारतीत मुद्दाम चुंबकीय क्षेत्र किंवा आवाज निर्माण करून तो मुख्य चॅनलपर्यंत पोचतो का हेही मोजतात. शेजाऱ्याला माहीत असलेला सिग्नल द्यायचा आणि आपल्या चॅनलवर काय उमटतं ते पाहायचं: लातूरच्या कारखान्यात तांब्याच्या तुकड्याने आणि दाबाच्या ट्रान्समीटरने जे केलं, तेच. औंढ्याला हे काम सुरू होईल तेव्हा मराठवाड्यातली मुलं तिथे तंत्रज्ञ म्हणून जायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा लातूरच्या पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलामुलींच्या हातात आज अर्डुइनो असतोच. अर्डुइनो उनोला सहा ॲनालॉग पिना असतात आणि आत कन्व्हर्टर एकच. त्याच्या चिपच्या माहितीपत्रकातच म्हटलं आहे की सिग्नलच्या उगमाचा रेझिस्टन्स १० किलो-ओहम किंवा त्याहून कमी असावा. मातीचा ओलावा मोजणाऱ्या प्रोजेक्टात ही अट सहज मोडते. पहिल्या पिनला पोटेन्शिओमीटर जोडा, दुसरी पिन उघडी ठेवा आणि दोन्ही वाचा. पोटेन्शिओमीटर फिरवला की उघड्या पिनचाही आकडा फिरतो. जिला काहीच जोडलेलं नाही ती पिन मोजमाप सांगते आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विषय कायमचा कळतो. मग ती पिन आणि ग्राउंड यांच्या मध्ये १ मेगा-ओहमचा रेझिस्टर लावून पाहा, प्रत्येक पिन दोनदा वाचून पहिलं वाचन टाकून पाहा, शेवटी ऑप-अँपचा बफर लावून पाहा. एका दुपारचं काम आहे.

आणि ज्यांच्या हाती खऱ्या यंत्रणा आहेत, कारखान्यात, हवामान केंद्रात, भूकंप केंद्रात, त्यांना एक विनंती. प्रत्येक पेटीत एक चॅनल कायम शॉर्ट करून ठेवा आणि त्याचीही नोंद इतरांइतकीच जपून करा. चॅनल वाया जातो असं वाटेल, पण त्या सपाट रेषेवर काही उमटलं की त्याच दिवशी कळेल, पेटी खरं बोलायची थांबली आहे. जागा नसेल तर पावसाळ्याआधी आणि नंतर असे वर्षातून दोनदा तरी तांब्याचा तुकडा लावून प्रत्येक चॅनल तपासा, आणि निकाल तारखेसह वहीत लिहून ठेवा.